हिजरतीची नियत आणि मॅनिटोबाचा अर्ज

ईद होऊन आठ-दहा दिवस झाले होते. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, निकाहनामा पढके देना था. काझीसाहब की लिखावट किसी को लगती नहीं."

दहावीपर्यंत मी त्याला मराठी शिकवली आहे. पुढे तो इंजिनिअर झाला. आता वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय एकतीस, बायको आणि चार वर्षांची मुलगी. संध्याकाळी मगरीबनंतर तो फाइल घेऊन घरी आला. निकाहनामा उर्दूत होता आणि अक्षर खरोखरच घाईचे होते. इंग्रजी भाषांतर करून शिक्का मारणारा माणूस दुसरा होता, पण त्यालाही मेहरची रक्कम आणि साक्षीदारांची नावे लागत नव्हती. मी एकेक शब्द मराठीत सुवाच्य लिहून दिला. वली कोण, वकील कोण, साक्षीदार दोन, मेहर किती, त्यातला रोख किती आणि उधार किती.

फाइलमध्ये आणखी बरेच कागद होते. जन्माच्या दाखल्यावर औरंगाबाद, पासपोर्टवर औरंगाबाद, अलीकडे काढलेल्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर. ही दोन्ही नावे एकाच शहराची आहेत हे सांगणारे एक प्रतिज्ञापत्रही होते. ते वाचून मी हसलो, तोही हसला. मग त्याने इंग्रजीतली दोन पाने पुढे केली. "सर, इसमें स्पेलिंग वगैरा देख लो."

त्या पानांवर त्याने, म्हणजे त्याच्या एजंटाने, लिहिले होते की मला कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात, ब्रँडन या शहरात, कुटुंबासह कायमचे राहायचे आहे. तिथली शांतता मला आवडते. तिथल्या समाजाचा मी भाग होऊ इच्छितो. पाने छान लिहिली होती. मी विचारले, "ब्रँडन कुठे आहे रे? विनिपेगपासून किती लांब?"

तो ओशाळला, मग मोकळेपणाने म्हणाला, "सर, वो तो सिर्फ लिखने का है. कार्ड हाथ में आया की सीधा टोरंटो. सब ऐसाच करते."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडे समजावून सांगतो. मीही त्या आठवड्यात बसून वाचूनच शिकलो. कॅनडात दहा प्रांत आणि तीन प्रदेश आहेत. पूर्वी बाहेरून येणारे बहुतेक लोक टोरंटो, माँट्रियल, व्हँकुव्हर या तीन मोठ्या शहरांत जाऊन राहत. मधले प्रांत रिकामेच राहत. तिथली तरुण मुले मोठ्या शहरांत निघून जात, कारखान्यांना आणि दवाखान्यांना माणसे मिळत नसत. म्हणून 1990 च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारने प्रांतांना एक अधिकार दिला. आपल्याला हवी ती माणसे प्रांताने स्वतः निवडावीत आणि केंद्राकडे त्यांची शिफारस करावी. मॅनिटोबा हा त्यात सगळ्यात आधी उतरलेल्या प्रांतांपैकी एक. याला प्रांतिक नामांकन म्हणतात. क्वेबेकची पद्धत पूर्ण वेगळी आहे आणि उत्तरेकडच्या नुनावुतमध्ये ही योजना नाही. बाकी सगळीकडे ती आहे.

आपल्या मुलांना या योजनेचे आकर्षण का, तेही गणितातून कळते. 2015 पासून कॅनडाने एक्स्प्रेस एंट्री नावाची गुणपद्धत सुरू केली. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण, एकूण 1200. त्यात प्रांताने नामांकन दिले की एका झटक्यात 600 गुण मिळतात. म्हणजे इतर बाबतीत मध्यम असलेला मुलगाही रांगेत पुढे येतो. मॅनिटोबासारखे प्रांत या रांगेच्या बाहेरूनही आपल्या यादीतल्या लोकांची शिफारस करतात. गुणांचा तक्ता मी स्वतःला लावून पाहिला. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 वर्षांना, पंचेचाळिशी गाठली की शून्य. भाषेचे गुण इंग्रजी आणि फ्रेंचला. गेली वीस वर्षे ज्या दोन भाषांवर माझी भाकरी चालते, त्या उर्दू आणि मराठीला तिथे एकही गुण नाही. तेव्हा माझा प्रश्न मिटला. माझ्या विद्यार्थ्याचा मात्र मिटत नव्हता.

मॅनिटोबाला अर्ज करताना तिथे आपले कोणी आहे का, हे विचारले जाते. जवळचा नातेवाईक किंवा जुना मित्र, जो तिथे किमान वर्षभर राहतो आहे आणि "याला मी ओळखतो, स्थिरावायला मदत करीन" असे लिहून देतो. माझ्या विद्यार्थ्याच्या बायकोचा मामेभाऊ विनिपेगला आहे, त्याने असे लिहून दिले होते. शिवाय "मी इथे येऊन कसा राहीन, काम कसे शोधीन, मुलांना कुठे शिकवीन" असा आराखडा द्यावा लागतो. तीच ती दोन पाने. आधी दुसऱ्या प्रांतात शिकला किंवा काम केले असेल तर मॅनिटोबा गुण वजाही करतो. का, ते उघड आहे. त्याला भीती आहे की हा माणूस आपल्या दारातून आत शिरेल आणि मागच्या दाराने निघून जाईल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. जाणाऱ्याला मी दोष देत नाही. घर सोडून कोणी हौसेने जात नाही. आपल्या शहरात इंजिनिअर झालेला मुलगा बारा-बारा तासांच्या पाळीत किती पगारावर काम करतो, हे मला माहीत आहे. पुण्या-मुंबईत नोकरी मिळाली तरी नाव सांगितल्यावर घर भाड्याने मिळत नाही, हेही आपल्यातल्या अनेकांनी अनुभवले आहे. आपल्या आधीच्या पिढीतले पुष्कळ जण आखातात गेले. तिथे तीस वर्षे राबले तरी ते परकेच राहिले. नोकरी संपली की व्हिसा संपला, आणि पेटी घेऊन परत. त्यामानाने कॅनडासारखा देश म्हणतो की ये, राहा, पाच वर्षांत 1095 दिवस इथे काढ आणि नागरिक हो. भारताचे नागरिकत्व मात्र सोडावे लागते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तरीही ज्याला मुलीच्या भविष्याची काळजी आहे त्याने हा विचार केला तर त्यात गैर काय? शेवटी रोजीच्या शोधात जमिनीवर पसरा, ही शिकवण आपल्या दीनमध्येच आहे.

माझा प्रश्न जाण्याबद्दल नाही, त्या दोन पानांबद्दल आहे.

मी त्याला म्हटले, "हे खोटे आहे."

तो म्हणाला, "सर, कायदेशीर आहे. एजंटाने दाखवले. कॅनडाच्या संविधानात लिहिले आहे की कायम रहिवासी कुठल्याही प्रांतात जाऊन राहू शकतो."

त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतील सहावे कलम खरेच ते स्वातंत्र्य देते. मॅनिटोबात वर्षभर राहून काम मिळाले नाही, मुलीची तब्येत थंडीत टिकली नाही, टोरंटोत चांगली नोकरी आली, तर जायला कोणी अडवू शकत नाही आणि अडवूही नये. माणसाचा इरादा बदलू शकतो. पण अर्जावर सही करताना जो इरादा मनात नाहीच, तो आहे असे लिहून देणे ही वेगळी गोष्ट आहे. कायदाही हा फरक ओळखतो. अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर पाच वर्षे दारे बंद होतात. सिद्ध करणे अवघड असते, एवढाच काय तो आधार. म्हणजे एजंट आपल्या मुलांना कायदा शिकवत नाही, पकडले न जाण्याचा अंदाज शिकवतो.

मग मी त्याला एक गोष्ट आठवून दिली, जी मदरशात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सहीह बुखारीची सुरुवात कोणत्या हदीसने होते? नियतच्या. प्रत्येक कृतीचे मोल नियतवर आहे. हे सगळ्यांना पाठ असते, पण त्या हदीसमध्ये उदाहरण कशाचे दिले आहे हे आपण विसरतो. नमाजचे नाही, रोजाचे नाही. हिजरतचे दिले आहे. माणूस घर सोडून निघाला तो कशासाठी निघाला, यावर त्याची हिजरत काय ठरते ते अवलंबून आहे. स्थलांतर आणि नियत या दोन गोष्टी आपल्या परंपरेने एकाच वाक्यात ठेवल्या आहेत. आणि आपण स्थलांतराच्या अर्जावरच नियत खोटी लिहितो.

समोर निकाहनामा पडलाच होता. मी विचारले, "एखाद्याने मनात सहा महिन्यांनी सोडायचे ठरवून कबूल है म्हटले, कागद सगळे बरोबर, साक्षीदार दोन, मेहर ठरलेला. तू त्याला आपली बहीण देशील?" तो काही बोलला नाही. मला वाटले मी जरा जास्तच बोललो. चहा आला, विषय बदलला, आणि तो फाइल घेऊन गेला. रात्री मला झोप लागली नाही, कारण उपदेश करणे सोपे असते. पोटाची काळजी त्याला होती, मला नव्हती.

तेव्हा मी आपल्याच शहराचा विचार करत बसलो. बाहेरून येणे आणि राहणे म्हणजे काय, हे आपल्या शहराइतके कुणाला माहीत असेल? 1327 च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. दिल्लीच्या लोकांना हुकूम देऊन आणले गेले. ती सरकारी स्थलांतर योजनाच होती, फक्त अर्ज करण्याची मुभा नव्हती. काही वर्षांनी सुलतानाचा बेत बदलला. अनेक जण परतले. पण सगळे नाही. निजामुद्दीन औलियांचे खलिफा बुऱ्हाणुद्दीन गरीब दख्खनमध्येच राहिले, 1337 मध्ये वारले आणि खुलताबादला दफन झाले. कवी अमीर हसन सिज्जीही तिथेच आहेत. त्यांना पाठवणारा सुलतान आज कुणाला प्रिय नाही. खुलताबादला मात्र आजही दर गुरुवारी माणसे जातात, त्यात हिंदूही असतात. आपल्या लग्नातला नान-खलिया त्याच लष्कराबरोबर आला, असे आपले बुजुर्ग सांगतात. दिल्लीची बोली इथल्या मराठी-तेलुगू-कन्नडच्या शेजारात राहून दखनी झाली. जे आले आणि राहिले त्यांनी हे घडवले. जे दिवस मोजत होते ते निघून गेले, त्यांचे नाव कुणाला आठवत नाही.

पुढे याच परिसरात मलिक अंबर आला. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत दख्खनला पोचलेला. परत जायची वाट त्याला नव्हती. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली. नहरे-अंबरी बांधून डोंगरातले पाणी शहरात आणले. आपण ज्या शहराच्या नावावरून इतके भांडतो, ते शहर मुळात एका बाहेरून आलेल्या माणसाने, इथेच राहायचे या समजुतीने बांधले आहे. पाण्याची नहर कोणी कार्ड मिळेपर्यंत बांधत नाही.

आणि हे फक्त इतिहासातले नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात आपला मराठवाडा होता, "मुलकी" आणि "गैरमुलकी" हा भेद होता. सरकारी नोकरी मुलकीलाच. बाहेरून आलेल्याला मुलकी व्हायचे तर संस्थानात किमान पंधरा वर्षे कायमचे वास्तव्य हवे. तेवढ्यावर भागत नसे. आधीच्या ठिकाणी परत जायचा विचार मी सोडला आहे, असे शपथपत्र ठरावीक नमुन्यात लिहून मॅजिस्ट्रेटसमोर द्यावे लागे. आज महाराष्ट्रात अधिवास दाखल्याला आपण पंधरा वर्षांचा पुरावा जोडतो, पण परत जायचा विचार सोडल्याचे लिहून कोणी मागत नाही. मुलकीच्या कागदात ते वाक्य होते.

माझे पणजोबा बुऱ्हाणपूरचे. ज्यांच्या नावाने ते शहर वसले ते बुऱ्हाणुद्दीन गरीब आपल्या खुलताबादला झोपले आहेत, म्हणून पणजोबा म्हणत की मी परक्या गावी आलोच नाही. त्यांच्याबरोबर आजोबा लहानपणी इथे आले. मोठे झाल्यावर शिक्षण खात्यात नोकरीची संधी आली तेव्हा त्यांनी तो मुलकीचा कागद केला. सही उर्दूत.

मग 1948 आले. सप्टेंबरमध्ये पोलीस ॲक्शन झाली, संस्थान संपले. त्यानंतरच्या काळात मराठवाड्यात मुसलमानांनी काय सोसले, ते आपल्या घराघरांत कुजबुजत सांगितले जाते. अनेक कुटुंबे कराचीला गेली. आमच्या घरातून आजोबांचे धाकटे भाऊ गेले. आजोबांवरही दबाव होता. भाऊ म्हणाले, चला. सासर म्हणाले, चला. आजोबा गेले नाहीत. मी लहान असताना एकदा त्यांना विचारले होते, "दादाजान, आप क्यूं नहीं गए?" त्यांनी फार मोठे कारण सांगितले नाही. देशप्रेमावर भाषण दिले नाही. ते म्हणाले, "लिखके दिया था बेटा. यहीं रहूंगा करके."

ज्या सरकारला लिहून दिले होते ते सरकारच उरले नव्हते. तो कागद मागायला कोणी येणार नव्हते. तरी त्यांना तो बांधत होता. आज मी या शहरात वर्गासमोर उभा राहून मराठी शिकवतो, ते त्या एका सहीमुळे.

हे वाचून कोणी म्हणेल, सर भावनिक झाले. कॅनडा काय इमानाने वागतो? हा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. तिथे या म्हणतात आणि आल्यावर डॉक्टरला टॅक्सी चालवावी लागते, कारण पदवीची मान्यता प्रत्येक प्रांताची संस्था वेगळी देते. इंजिनिअर म्हणवून घ्यायला प्रांताच्या संस्थेत नोंदणी लागते, शिक्षकाला प्रांताचे प्रमाणपत्र लागते. माझी बी.एड. तिथल्या वर्गात मला उभे करणार नाही. शिवाय धोरण कधी फिरेल सांगता येत नाही. प्रांतिक नामांकनातून 2024 साठी 1 लाख 10 हजार जणांचे लक्ष्य होते, 2025 साठी ते 55 हजारांवर आणले. जे वर्षभर परीक्षा देत, कागद जमवत बसले होते, त्यांच्या पायाखालची जमीन निम्मी झाली. आणि तिथेही द्वेष नाही असे नाही. जानेवारी 2017 मध्ये क्वेबेक शहरातल्या मशिदीत सहा नमाजी मारले गेले. जून 2021 मध्ये ओंटारियोतल्या लंडन शहरात संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबातले चौघे गाडीखाली चिरडले गेले. स्वर्ग कुठेच नाही.

पण समोरच्याने धोरण बदलले म्हणून आपण शब्द मोडायचा, हा हिशेब मला जमत नाही. एक तर कोटा कमी करणे हा उघड निर्णय आहे, जाहीर करून घेतलेला. आपला खोटेपणा लपवलेला असतो. दुसरे म्हणजे त्याची किंमत कॅनडा सरकार भरत नाही. ती तीन माणसे भरतात. पहिला, विनिपेगचा तो मामेभाऊ, ज्याने आपल्या नावावर हमी दिली. दुसरा, जालन्याचा किंवा बीडचा एखादा मुलगा, ज्याला खरेच ब्रँडनला राहायचे होते आणि ज्याची जागा आपण घेतली. तिसरा, पुढच्या वर्षी अर्ज करणारा. वजा गुणांचे नियम आकाशातून पडत नाहीत. माझ्या मते कोणाचे तरी मोडलेले शब्दच नियम बनून मागच्यांच्या वाट्याला येतात.

ऑस्ट्रेलियाकडे पाहा. तिथे 491 क्रमांकाचा प्रादेशिक व्हिसा नोव्हेंबर 2019 पासून आहे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही मोठी शहरे वगळून राहायचे, काम करायचे, शिकायचे. व्हिसा पाच वर्षांचा आणि तात्पुरता. तीन वर्षे अट पाळून दाखवली की मगच कायम वास्तव्यासाठी अर्ज. तिथे शब्दावर विश्वास नाही, आधी राहून दाखवा मग बोला. कॅनडाने अजून तरी बऱ्याच अंशी माणसाच्या शब्दावर दार उघडले आहे. ज्याला शब्दाची किंमत आहे अशा समाजाला ही पद्धत जास्त सन्मानाची वाटायला हवी. आपणच ती बिघडवत असू, तर उद्या तिथेही पट्टा घालतील, आणि मग आपणच म्हणू की आमच्यावर संशय घेतात.

आणखी एक खोटे याच्याच शेजारी बसलेले असते, त्याबद्दलही लिहितो. स्थिरावण्यासाठी कुटुंबाच्या आकाराप्रमाणे ठरलेली रक्कम खात्यात दाखवावी लागते. ती स्वतःची हवी, उसनी नको. आपल्याकडे काय होते? कोणी सोने गहाण टाकतो, कोणी व्याजाने उचलतो, कोणी एजंटाला फी देऊन काही महिन्यांसाठी खात्यात पैसे "दाखवतो". जो माणूस बँकेच्या व्याजाला हात लावत नाही, तो या कामासाठी महिन्याला शेकडा तीन देतो. नव्या आयुष्याचा पाया सूद आणि झूठ यांवर घालून वर बिस्मिल्लाह म्हणायचे, हे कसे जमते?

मग करायचे काय? मी शिक्षक आहे, मला फक्त चूक दाखवून थांबता येत नाही.

एक, ज्या गावाचे नाव लिहायचे त्या गावाची माहिती काढा. महाराष्ट्राच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या मॅनिटोबात 2021 च्या जनगणनेप्रमाणे 13 लाखांहून थोडी जास्त माणसे आहेत, म्हणजे साधारण आपल्या शहराएवढी, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या विनिपेगमध्ये. ब्रँडन तिथून दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि वस्ती 50 हजारांच्या आसपास. जानेवारीत रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो. आपल्या क्षेत्रातले काम तिथे कोणते? मशीद किती लांब? हलाल मांस कुठे? मुलीची शाळा कोणती? बायकोला गाडी चालवायला शिकावे लागेल का? हे सगळे कळल्यावर मन म्हणाले नाही, तर तो अर्ज करू नका. दुसरा प्रांत बघा, दुसरी वाट बघा. ओंटारियोलाही नामांकन योजना आहे. टोरंटोला जायचे असेल तर टोरंटोच्या दारावर रांग लावा, रांग मोठी असली तरी.

दोन, घरातल्या सगळ्यांना खरे ठिकाण सांगा. पुष्कळदा बायकोला वाटत असते की टोरंटोला जायचे आहे, कागदावर ब्रँडन असते, आणि नवऱ्याने काहीच ठरवलेले नसते.

तीन, गेल्यावर निदान इमानाने प्रयत्न करा. तिथे काम शोधा, शेजाऱ्याला ओळखा, मुलांना शाळेत घाला. नाहीच जमले तर निघा. तेव्हा कोणी तुम्हाला खोटे म्हणणार नाही, तुम्ही स्वतःही नाही.

लहान गावात आपले कसे निभावेल, अशी भीती असेल तर एक खरी गोष्ट सांगतो. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक वर्तुळाच्याही वर, इनुविक नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या मूठभर मुसलमानांकडे नमाजला नीट जागा नव्हती आणि तिथे बांधकाम करणे फार महाग. म्हणून 2010 मध्ये एक छोटी मशीद विनिपेगमध्ये, याच मॅनिटोबात, तयार बांधली गेली. ती ट्रकवरून आणि मग नदीतून तराफ्यावरून सुमारे चार हजार किलोमीटर नेली. हिवाळ्यात जिथे काही आठवडे सूर्यच उगवत नाही, तिथे आज अजान होते. टोरंटोच्या गर्दीत राहणाऱ्यांनी ती बांधली नाही. आहे त्या गावाला आपले म्हणणाऱ्या लोकांसाठी ती बांधली गेली.

तीन आठवड्यांनी माझा विद्यार्थी पुन्हा आला. अर्ज अजून भरलेला नव्हता. एजंट चिडला होता म्हणे. त्याने दोन नवी पाने आणली होती, या वेळी स्वतः लिहिलेली, इंग्रजी मोडके, पण ब्रँडनमधल्या कारखान्यांची नावे होती, शाळेचे नाव होते. एका ओळीत लिहिले होते की मला थंडीची भीती वाटते, पण माझी बायको म्हणते राहू. शेवटी त्याने विचारले, "सर, दो-तीन साल तो पक्का रहूंगा. उसके आगे का कैसे लिखूं? मालूम नहीं."

मी म्हटले, जेवढे मालूम आहे तेवढेच लिही. त्याच्यावर नामांकन मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. स्पेलिंगच्या चुका तेवढ्या मी दुरुस्त करून दिल्या.

ज्यांच्या घरात अशी फाइल तयार होत असेल, त्यांना एवढीच विनंती. सही करण्याआधी ती पाने एकदा मोठ्याने, घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. वाचताना हसू आले, तर पुन्हा लिहा.